स्पेन्सर लीच्या दोन कुस्त्या

९ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५७ किलो गटाची पदकं दिली गेली, तेव्हा आपल्या सगळ्यांचे डोळे एकाच पोरावर होते. अमन सेहरावत, वय २१, कांस्यपदक. त्याच व्यासपीठावर सोनं घेऊन जपानचा रेई हिगुची होता, दुसरं कांस्य उझबेकिस्तानच्या गुलोमजॉन अब्दुल्लाएवकडे होतं आणि रौप्य होतं अमेरिकेच्या स्पेन्सर लीकडे. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पदकतालिकेत त्याची नोंद एका ओळीची आहे: पुरुष फ्रीस्टाइल, ५७ किलो, रौप्य.

पण अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कुणा कुस्तीशौकिनाला लीबद्दल विचारलंत, तर तो पॅरिसपासून सुरुवातच करणार नाही. तो सांगेल मार्च २०१८, मार्च २०१९, मार्च २०२१. मग जरा थांबून म्हणेल, मार्च २०२३. या चारपैकी एकाही तारखेचा ऑलिंपिकशी संबंध नाही. या कॉलेज कुस्तीच्या तारखा आहेत, आणि कॉलेजात खेळतात ती कुस्ती फ्रीस्टाइल नव्हेच.

अमेरिकन पैलवानाची कारकीर्द वाचताना आपण नेमके इथे अडखळतो. हा पोरगा तीनदा राष्ट्रीय विजेता, मग ऑलिंपिकला इतक्या उशिरा कसा? पंचविशीपर्यंत करत काय होता? उत्तर असं की तो दुसरी कुस्ती लढत होता. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याच घरात माती आणि गादी असा संसार आहे. महाराष्ट्र केसरीत दोन्ही गट वेगळे खेळवले जातात आणि दोन्हीकडच्या विजेत्यांची शेवटी गाठ पडते. हौदात वाढलेला पोरगा गादीवर आला की त्याला गुणांचा हिशेब, घड्याळ, रेघेबाहेर पाय गेला तर काय, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. अमेरिकेत तसंच आहे, फरक इतकाच की तिथे दोन्ही कुस्त्या गादीवरच होतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात.

कॉलेजातल्या कुस्तीला फोकस्टाइल म्हणतात. शाळेत आणि कॉलेजात हीच चालते आणि अमेरिकेबाहेर ती जवळपास कुठेच नाही. लढत ७ मिनिटांची: आधी ३, मग २, मग २. ताबा घेतला की ली खेळत होता त्या काळात २ गुण मिळत, २०२३-२४ च्या हंगामापासून ३ मिळतात. इथपर्यंत सगळं ओळखीचं वाटतं. खरा फरक खाली पडल्यावर सुरू होतो. फ्रीस्टाइलमध्ये तुम्ही समोरच्याला खाली आणलंत आणि काही क्षणांत फिरवू शकला नाहीत, तर पंच दोघांना उभं करतो. फोकस्टाइलमध्ये तसं उभं करत नाहीत. खालच्याने स्वतःच्या हिमतीवर सुटायचं. सुटला तर त्याला १ गुण, उलटून वर आला तर २. वरच्याने त्याला दाबून धरायचं. सगळ्या लढतीत मिळून कुणी दुसऱ्यापेक्षा १ मिनिट जास्त वर राहिला, तर त्यासाठी वेगळा १ गुण. या हिशेबाला तिथे ‘रायडिंग टाइम’ म्हणतात. आपला वस्ताद त्याला सरळ सवारी म्हणेल, आणि ते अगदी बरोबर ठरेल. कुस्तीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची सुरुवातही बहुतेक वेळा जमिनीवरूनच होते: एक हातागुडघ्यांवर, दुसरा मागून त्याच्या कमरेला हात घालून.

दुसरा फरक पाठीचा. फ्रीस्टाइलमध्ये तुमची पाठ क्षणभर जरी गादीकडे वळली तरी समोरच्याला २ गुण गेले. तुम्ही स्वतःच डाव टाकताना पाठीवरून लोळलात, तरीही गेले. फोकस्टाइलमध्ये नुसती पाठ वळून चालत नाही, समोरच्याला तशा अवस्थेत धरून ठेवावं लागतं आणि पंच हाताने सेकंद मोजतो. म्हणून कॉलेजचे पैलवान निर्धास्तपणे पाठीवरून लोळत निसटतात. ती सवय फ्रीस्टाइलमध्ये घेऊन गेले, तर प्रत्येक लोळण समोरच्याच्या खात्यात गुण टाकते. गुणांच्या फरकाने लढत थांबवायची मर्यादाही वेगळी आहे, फोकस्टाइलमध्ये १५ आणि फ्रीस्टाइलमध्ये १०. फ्रीस्टाइलची लढत ६ मिनिटांत आटोपते, आणि रेघेबाहेर ढकललं तरी १ गुण मिळतो.

आता लीची खासियत सांगतो, म्हणजे हे नियम डोळ्यांसमोर येतील. समोरचा हातागुडघ्यांवर आहे, ली मागे. तो घाईने काहीच करत नाही. आधी एक मनगट पकडतो. समोरच्याचा हात त्याच्याच पोटाखालून ओढून घेतो आणि दोन्ही हातांनी ते मनगट जखडतो. आता खालच्याला टेकायला त्या बाजूला हातच उरलेला नाही. मग ली आपलं कंबरडं त्याच्या खाली सरकवतो आणि त्याला मनगटासकट स्वतःच्या कुशीवर तिरका करतो. पूर्ण उलटा करत नाही, नुसता तिरका, खांदे गादीच्या जवळ येतील इतका. पंच मोजायला लागतो: एक, दोन, तीन, चार. ४ गुण. पुन्हा पालथा करायचा, तेच मनगट, तीच बाजू, पुन्हा ४. एकदा मनगट हाती लागलं की काही प्रतिस्पर्ध्यांची लढत पहिल्या ३ मिनिटांतच १५ च्या फरकाने संपून जायची. या पकडीला तिथे ‘टिल्ट’ म्हणतात. आपला भारंदाज पाहिलेल्याला ती ओळखीची वाटेल, फक्त भारंदाजात जोर कमरेच्या कवेत असतो आणि इथे मनगटात.

हे इतक्या बारकाईने सांगितलं त्याला कारण आहे. लीचे गुडघे त्याला आयुष्यभर दगा देत आले आणि त्या गुडघ्यांवर तो इतकी वर्षं टिकला, याचं मोठं श्रेय मी समोरच्याच्या वर राहून लढायच्या या कुस्तीला देतो. उभ्याने पट काढताना, समोरच्याने पाय धरल्यावर एका पायावर नाचताना गुडघ्याला पीळ बसतो. मागून मनगट धरून माणूस तिरका करताना तेवढा बसत नाही. लढत लवकर संपली, तर गुडघ्यालाही लवकर सुट्टी.

लीचा जन्म १९९८ चा, वाढला पेनसिल्व्हेनियातल्या मरीसव्हिलमध्ये. आई-वडील दोघेही ज्यूदोतले. पेनसिल्व्हेनिया म्हणजे अमेरिकन शालेय कुस्तीचं कोल्हापूर समजा. तिथे शाळेत असताना त्याने १४४ कुस्त्या जिंकल्या आणि १ हरला. त्याच वर्षांत तो फ्रीस्टाइलही खेळत होता: २०१४ ला कॅडेट विश्वविजेता, २०१५ आणि २०१६ ला ज्युनिअर विश्वविजेता. विशीच्या आत तीन जागतिक विजेतेपदं. म्हणजे दुसरी कुस्ती त्याला येत नव्हती असं नाही. उलट ती त्याला फार लवकर आली होती.

शाळेतली ती एकमेव हार शेवटच्या वर्षी, २०१७ च्या राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत झाली. ऑस्टिन डिसँटोने ६-५ ने हरवलं. ली त्या स्पर्धेत उतरला तोच एसीएल फाटलेला गुडघा घेऊन. (हाच डिसँटो पुढे आयोवा विद्यापीठात आला आणि दोघे एकाच संघातून लढले. कुस्तीत असं होतं, आणि मला ते फार आवडतं.)

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरका बसवलेला एक जाड पट्टा. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड तो बांधून ठेवतो. नडगी पुढे सरकू नये आणि पाय रोवून अंग वळवलं तर गुडघा निसटू नये, ही त्याची कामं. तो फाटला तरी माणूस सरळ चालू शकतो, मांडीमागचे स्नायू दणकट असतील तर धावूही शकतो. पण पाय रोवून एकदम दिशा बदलायची म्हटलं की गुडघ्याचा भरवसा राहत नाही, आणि कुस्ती म्हणजे दर दोन सेकंदांनी दिशा बदलणं. फाटलेला पट्टा आपोआप जुळत नाही. शरीरातल्याच दुसऱ्या जागचा तुकडा घेऊन तो नव्याने बांधावा लागतो, आणि पुन्हा मैदानात उतरायला बरेच महिने जातात.

ली गेला आयोवा विद्यापीठात. या जागेचं वजन कळण्यासाठी एक नाव पुरेसं आहे, डॅन गेबल. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण जिंकणारा हा माणूस पुढे २१ वर्षं आयोवाचा मुख्य प्रशिक्षक होता आणि त्या काळात त्याने १५ सांघिक राष्ट्रीय विजेतेपदं आणली. लीचे प्रशिक्षक टॉम ब्रँड्स हे गेबलचेच शिष्य, १९९६ चे अटलांटाचे सुवर्णविजेते. त्यांचा जुळा भाऊ टेरी, सिडनीचा कांस्यविजेता, तोही त्याच तालमीत. कार्व्हर-हॉकआय नावाच्या त्यांच्या बंदिस्त मैदानात सुमारे १५ हजार माणसं मावतात आणि दोन कॉलेजांच्या कुस्तीला ते भरतं. कोल्हापूरच्या खासबागेत मोठी जोड लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेड समजावून सांगायला नको.

कॉलेजात एक नियम असा की खेळाडूला चार हंगाम मिळतात. पाचवा नाही. मात्र एखादं वर्ष तो संघाबरोबर सराव करून स्पर्धांपासून लांब राहू शकतो, ते वर्ष मोजलं जात नाही. त्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. पहिल्या वर्षी लीला असंच बसवून ठेवायचा विचार होता, गुडघा अजून कच्चाच होता. पण जानेवारी २०१८ मध्ये त्याला उतरवलं आणि मार्चमध्ये, पहिल्याच वर्षाच्या पोराने, १२५ पौंड गटाचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. अंतिम फेरीत निक सुरियानोवर ५-१. पुढच्या वर्षी, २०१९ ला, पिट्सबर्गमध्ये दुसरं. जॅक म्युलरवर ५-०.

चार हंगाम म्हणजे जास्तीत जास्त चार विजेतेपदं. चारही जिंकणं ही त्या कुस्तीतली शिखराची गोष्ट. तोवर असे फक्त चौघे होते: पॅट स्मिथ, केल सँडरसन, लोगन स्टीबर आणि काइल डेक. त्यात आयोवाचा एकही नव्हता. इतकी सांघिक विजेतेपदं असलेल्या विद्यापीठाकडे ही एकच गोष्ट नव्हती, आणि ती ली देणार असं सगळे धरून चालले होते.

२०२० चा हंगाम त्याचा सगळ्यात देखणा. १८ कुस्त्या, १८ विजय. १२ मार्च २०२० ला करोनामुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज पैलवानाला मिळणारा हॉज पुरस्कार त्याला दिला गेला, पण त्या वर्षीच्या विजेत्याची जागा कायमची रिकामी राहिली.

२०२१ ला स्पर्धा झाली, सेंट लुइसमध्ये. ली अंतिम फेरीत ७-० ने जिंकला, तिसरं विजेतेपद. आयोवानेही सांघिक विजेतेपद पटकावलं. आणि मग गादीशेजारीच मुलाखत देताना त्याने सांगितलं की काही दिवसांपूर्वी त्याचा दुसऱ्या गुडघ्याचा एसीएलही फाटला होता. म्हणजे दोन्ही गुडघ्यांत तो पट्टा नसताना त्याने ती सगळी स्पर्धा खेळली. आधी का नाही सांगितलं, तर सबबी भित्र्यांसाठी असतात, असं त्याचं म्हणणं. ही ध्वनिचित्रफीत तिकडे घरोघरी पोचली. मला त्या पोराच्या छातीचं कौतुक आहेच. पण तालमीत कोवळी पोरं हे पाहून दुखणं लपवायला शिकत असतील, तर वस्तादाने त्यांना पुढची गोष्टही सांगावी. एप्रिल २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची अमेरिकन निवड चाचणी होती. ली २०१९ च्या डिसेंबरमध्ये फ्रीस्टाइलचा राष्ट्रीय विजेता झालेला, संघात जाण्याच्या शर्यतीत अगदी पुढे. गुडघ्यांमुळे त्याला माघार घ्यावी लागली. त्या वर्षी हॉज पुरस्कार त्याच्याबरोबर विभागून ज्याला मिळाला, तो मिनेसोटाचा गेबल स्टीव्हसन ऑगस्टमध्ये टोकियोत सुवर्ण जिंकून आला. जानेवारी २०२२ मध्ये लीने दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया जाहीर केली. तोही हंगाम गेला.

करोनाच्या वर्षामुळे आणि दुखापतीमुळे मुदत वाढून मिळाली होती, म्हणून २०२३ मध्ये तो चौथ्या विजेतेपदासाठी टल्साला पोचला. सलग ५८ कुस्त्या जिंकलेला. उपांत्य फेरीत समोर परड्यूचा मॅट रामोस. ७ मिनिटं संपत आली होती. दोघे एकमेकांच्या अंगावरून गडगडत होते आणि त्या झटापटीत ली पाठीवर सापडला. रामोस छातीवर, पंच पोटावर आडवा होऊन खांद्याखाली पाहतोय, घड्याळ उलटं धावतंय. पंचाचा हात गादीवर आपटला तेव्हा १ सेकंद बाकी होता. चितपट. सहा मिनिटं एकोणसाठ सेकंद.

सगळं आयुष्य दुसऱ्यांना मनगटाला धरून तिरकं करणारा माणूस शेवटच्या सेकंदाला स्वतः पाठीवर गेला. लीने उरलेल्या कुस्त्या सोडल्या आणि सहाव्या क्रमांकावर राहिला. रामोसही दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत हरला. आणि त्याच स्पर्धेत, त्याच टल्सात, कॉर्नेलचा यान्नी डायकोमिहालिस चौथं विजेतेपद जिंकून त्या चौघांच्या पंक्तीतला पाचवा झाला. आयोवाची ती जागा रिकामीच राहिली.

आता फ्रीस्टाइल. कॉलेज संपलं म्हणजे घाईघाईने दुसऱ्या कुस्तीत जायचं, आणि इथे लीला एका गोष्टीची साथ होती. १२५ पौंड म्हणजे ५६.७ किलो. ऑलिंपिकचा सगळ्यात हलका गट ५७ किलोचा. म्हणजे वजन जवळजवळ तेच. कॉलेजात दहा वजनगट आणि ऑलिंपिकला पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे फक्त सहा, त्यामुळे मधल्या वजनाच्या कित्येक चांगल्या पोरांना एकतर अंग घटवावं लागतं नाहीतर वाढवावं लागतं. लीला ते करावं लागलं नाही. मनगट आणि कमरेचा जोर तर दोन्हीकडे चालतोच.

एप्रिल २०२४ च्या निवड चाचणीत त्याने थॉमस गिलमनला हरवलं. गिलमन म्हणजे टोकियोचा कांस्यविजेता, तोही आयोवाच्याच तालमीतला. पण या गटाचा अमेरिकेचा कोटा अजून पक्का झालेला नव्हता, म्हणून मे महिन्यात इस्तंबूलला शेवटच्या पात्रता स्पर्धेत उतरून तो मिळवावा लागला. अमननेही आपला कोटा त्याच इस्तंबूलमध्ये, त्याच गटात मिळवला.

पॅरिसमध्ये लीने उपांत्य फेरीत अब्दुल्लाएवला १४-४ ने गुंडाळलं. अमन दुसऱ्या उपांत्य लढतीत हिगुचीकडून १०-० ने हरला. ऑलिंपिकला दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं, आणि अमनने त्या एका रात्रीत ४.६ किलो वजन उतरवलं. विनेशच्या १०० ग्रॅमची जखम तेव्हा ताजी होती. हिगुचीलाही ती ठाऊक होती, २०२१ मध्ये टोकियोच्या पात्रता स्पर्धेत तो ५० ग्रॅमने बाहेर गेला होता. अंतिम फेरीत ली आणि हिगुची समोरासमोर आले. दोघेही तोलून लढले, आणि शेवटच्या टप्प्यात हिगुचीने ताबा घेऊन ४-२ ने सोनं नेलं. इथे फोकस्टाइल आठवते. खाली दाबून धरलं तर मिनिटांचा हिशेब होईल, अशी सोय फ्रीस्टाइलमध्ये नाही. हिगुचीसारख्याला खाली आणलंत तरी त्या दोनचार क्षणांतच फिरवावं लागतं, नाहीतर पुन्हा उभ्याने सुरू. लीचं सगळ्यात धारदार हत्यार त्या सहा मिनिटांत फारसं बाहेरच आलं नाही.

५७ किलो हा आकडा आपल्याला जुना आहे. १९५२ ला हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोतच, कांस्य आणलं. त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, आणि त्या तयारीत त्यांना गादीची कुस्ती शिकवायला रीस गार्डनर हे अमेरिकन कुस्तीगीर होते. अलीकडे बीडच्या राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य जिंकलं, ते टायलर ग्राफ या विस्कॉन्सिन विद्यापीठातून आलेल्या अमेरिकन पैलवानाला ११-४ ने हरवून.

आणि पॅरिसमध्ये अमनने कांस्यपदकाच्या लढतीत ज्याला १३-५ ने हरवलं, तो डॅरियन क्रूझ पोर्तो रिकोकडून खेळत होता, पण त्याची कुस्ती पेनसिल्व्हेनियातल्या लेहाय विद्यापीठात घडलेली. २०१७ चा कॉलेज राष्ट्रीय विजेता, गट १२५ पौंड. पुढच्या वर्षी त्या गटाचं विजेतेपद स्पेन्सर लीकडे गेलं.